बाभळीचा स्टँड

काकांना मी फोनवर सांगितलं की तुम्ही केलेला स्टँड मोडला. तो मोडला नव्हता. मी तो माझ्या हातांनी, करवतीने कापला होता. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. काकांविषयी लिहायला बसलं की हसू येतं, आणि त्या हसण्याआड माझं खोटं दडवायची मला सवय लागली होती.

काका म्हणजे आमचे सांगलीतले घरमालक. ते खालच्या मजल्यावर, आम्ही वरच्या. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधीच ते वजन सांगायचे आणि मग काट्याकडे असे बघायचे की जणू काटाच परीक्षेला बसलाय. निवृत्त झाल्यावर समोर गाड्या येईनात, तेव्हा ते माणसांवर आले. जागा बघायला मी आणि बायको पहिल्यांदा गेलो, तर त्यांनी नाव-गाव विचारायच्या आधी मला खालीवर बघितलं आणि म्हणाले, "अडुसष्ट. चप्पल काढून."

खरंच अडुसष्ट होतं.

मग त्यांनी बायकोकडे नजर वळवली. आतून काकूंचा आवाज आला, "आवं, बायामाणसांचं सांगू नका म्हणून किती येळा सांगायचं तुमाला?"

"सांगत न्हाई," काका म्हणाले.

आणि त्यांनी खरंच कधी सांगितलं नाही. पण बघायचे जरूर, आणि बायकोला ते बघणंच जास्त लागायचं.

मी मूळचा साताऱ्याकडच्या दुष्काळी औंधचा म्हणून ते मला औंधकर म्हणत. जिन्यात भेटले की, "औंधकर, दीड किलो उतरलायसा. ऑफिसात कायतरी हाय." एकदा मला साहेबाने खरोखरच पिडलं होतं, आणि घरात कुणाला बोललो नव्हतो. काकांना मात्र वजनावरून कळलं.

दुसरी गोष्ट स्टँडची. आम्ही राहायला जायच्या आधी सांगलीत मोठा पूर येऊन गेला होता. काकांच्या खालच्या मजल्यात गुडघ्याच्या वर पाणी होतं. त्यांचं कपाट, दिवाण, देव्हारा, सगळं प्लायवूडचं. पाणी ओसरल्यावर ते फुगून पदर पदर सुटलं. काकांनी ते अंगणात मांडलं, एकेक पदर सोलून बघितला आणि म्हणाले, "कागद हाय ह्यो." त्या दिवसापासून प्लायवूड घरात आलं नाही आणि जमिनीवर काही ठेवलं गेलं नाही. कारखान्याच्या आवारात मोडीत निघालेल्या जुन्या लाकडी बैलगाड्या होत्या. त्यांची बाभळीची लाकडं त्यांनी मागून आणली आणि स्वतःच सुतारकाम शिकले. कुणाकडून शिकले ते सांगत नसत. मला वाटतं, कुणाकडूनच नाही. त्यांचा रंधा फिरलेल्या फळीवर हात फिरवला की कुसळ जायचंच.

पण बळकटपणाला तोड नव्हती. फ्रिज मांडीएवढ्या उंच स्टँडवर. काकू दूध काढायला पाटावर चढायच्या. टीव्ही इतका वर की बातम्या ऐकून मान दुखायची. गॅसच्या शेगडीलाही ते उचलणार होते, पण काकू पळी घेऊन ओट्यापुढे उभ्या राहिल्या. "माझ्या शेगडीला हात लावा, मग जेवायला कारखान्यावर जावा."

पुढच्या एका पावसाळ्यात नदीचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं आणि तिथूनच परत फिरलं. सगळ्या गल्लीचा जीव भांड्यात पडला. काका उंबऱ्यात उभे होते, जरा खट्टू दिसत होते.

"आत आलं असतं तर फ्रिजचं कळलं असतं," म्हणाले.

"गपा," काकू म्हणाल्या. "कोन ऐकंल."

त्यांचं बघून गल्लीतल्या काही लोकांनीही स्टँड करून घेतले. पिठाची चक्की चालवणाऱ्या वहिनींच्या मोटारीला एक, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मशीनला एक, आणि समोरच्या गुरुजींच्या पुस्तकांच्या कपाटाला एक. काका कुणाच्या घरी गेले की माणसांशी बोलायच्या आधी वाकून आपल्या स्टँडखाली बघत.

अशा घरात मी फिश टँक आणला. चार फुटी. एक हॉटेल बंद पडत होतं, तिथला. माझ्या लहानपणी आमच्याकडे पाणी डोक्यावरून यायचं. घरात शोभेसाठी पाणी भरून ठेवायचं, हे माझ्या आईला फोनवर ऐकूनही पटलं नाही. मला मात्र तेच हवं होतं. चौघांनी काच वर चढवली, आणि त्यांच्या मागोमाग काका.

ते टँकभोवती एक फेरी मारून आले. वितीने मोजलं, डोळे मिटले.

"सव्वातीन क्विंटल नुसतं पाणी. काच, वाळू, धोंडं धरून चार. औंधकर, सहा माणसं कायमची ऱ्हायला आणताय तुमी. आनि ती उठणार न्हाईत."

मी दुकानातल्या तयार स्टँडचा फोटो दाखवला. चॉकलेटी रंगाचा, दोन दारांचा, छान होता. काकांनी मोबाइलच्या काचेवर बोटाने टकटक केलं. "कागद," म्हणाले, आणि खाली गेले. थोड्या वेळाने अंगणातून करवतीचा आवाज सुरू झाला.

आधी त्यांनी जागा ठरवली. हॉलभर फरशीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत, कान लावत फिरले आणि आतल्या भिंतीशी थांबले. खाली तिथे तुळई होती. "भार कुठंतरी जातोयच," ते म्हणायचे, "कुठं जातोय ते बघायचं." हे वाक्य ते वजनाविषयी म्हणत आणि आपल्या जावयाविषयीही म्हणत.

मग आमच्या हॉलमध्येच काम सुरू झालं. खालून तयार करून आणायचा तर जिन्यात हिसके बसतील आणि सांधे ढिले होतील, असं त्यांचं म्हणणं. स्क्रू एकही नाही, कारण स्क्रू गंजतो. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला जीभ, ती ठोकून आत, वर आडवी लाकडी खुंटी. पाय सरळ नकोत, खाली बाहेरच्या बाजूला फाकलेले हवेत, कारण रुंद चाकोरीची गाडी पलटी होत नाही. ते पाय इतके जाड होते की बायकोने मला आत बोलावून विचारलं, "मासेच आणणार आहात ना? की म्हैस?"

उंचीवरून आमचं वाजलं. पाय जमिनीवर उभा करून बघितला तर माझ्या छातीला लागत होता.

"काका, एवढा उंच कशाला?"

"पूर आला तर?"

"पहिल्या मजल्यावर?"

"समजा आला."

"आला तर आला. मासेच आहेत ते. पाण्यात पाणी आलं, त्यांचं काय बिघडणार?"

काकांनी हातातली पटाशी खाली ठेवली. वाकून टँकमध्ये बघितलं. मला वाटलं, जिंकलो.

"मासं घरचं हायती," ते म्हणाले. "नदीचं पाणी त्यास्नी सोसायचं न्हाई."

शेवटी काकूंनी मध्ये पडून कमरेएवढी उंची ठरवली. पायांचे कापलेले तुकडे काकांनी उशाशी घ्यायला न्यावेत तसे उचलून खाली नेले.

पाणी भरायच्या आधी चाचणी. त्याशिवाय ते टँक ठेवू देईनात. एका रविवारी त्यांनी गल्लीतून माणसं निवडून आणली. निवडून म्हणजे अक्षरशः. दारात उभं राहून, "तुमी चला. तुमी नको, जास्त हुतंय." शिंपी, गुरुजी, चक्कीवाल्या वहिनी, त्यांचे दीर, मी आणि मागच्या गल्लीतला एक पैलवान. सगळे त्या स्टँडवर तिघे-तिघे, पाठीला पाठ आणि मांडीला मांडी लावून बसलो. काका जमिनीवर आडवे होऊन खालून सांधे बघत होते. त्यांचं फक्त डोकं आमच्या पायांत दिसत होतं.

"हसायचं न्हाई कुणी. हसलं की वजन हलतंय."

त्यावर वहिनींना हसू आवरेना, त्यांच्यामुळे गुरुजींना. पैलवान गंभीर होता. तो म्हणाला, "काका, मी श्वास सोडू का?"

"बेतानं सोड गड्या."

स्टँड कुरकुरलासुद्धा नाही. काका उठले, कपडे झटकले आणि सगळ्यांना चहा सांगायला गेले. तो माणूस त्या दिवशी इतका समाधानी होता की जिन्यात गुणगुणत होता. माझ्या आठवणीत ते दिवस सगळे तसेच आहेत. संध्याकाळी ऑफिसातून आलो की टँकचा दिवा लावायचा, आणि थोड्या वेळाने काका यायचे. मासे बघायला म्हणून यायचे, पण बसायचे जमिनीवर आणि बघायचे खालून, सांध्यांकडे. समाधान झालं की मग वर बघत. "त्यो काळा लय सुटलाय, औंधकर. खाणं कमी करा त्येचं."

अशी तीन वर्षं गेली. मग माझी साताऱ्याला बदली झाली.

काका वर आले, स्टँडकडे बघितलं, मग दाराकडे. मग पुन्हा स्टँडकडे. त्यांनी दोन्ही हात पसरून आधी पायांचं अंतर धरलं, तसेच हात घेऊन दाराशी गेले. हात चौकटीत मावले नाहीत.

"जात न्हाई," ते म्हणाले.

"काका, तुम्ही एवढं सगळं मोजलंत. दार नाही मोजलं?"

"तुमी जाणार हाय असं कुठं ठरलं हुतं?"

मी हसलो. त्यांनी ते विनोदाने म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

खुंट्या ठोकून काढायचा त्यांनी प्रयत्न केला, पण बाभूळ आवळून बसली होती. मग त्यांचा बेत ठरला. हॉलच्या खिडकीचे गज काढायचे, दोर बांधायचा, वर चार आणि खाली चार माणसं, आणि स्टँड खिडकीतून अंगणात सोडायचा. त्यांना त्यात आनंद वाटू लागला. गल्लीभर सांगून आले. पैलवानाला दोर धरायला नेमला. पण मध्येच त्यांना बहिणीच्या घरच्या साखरपुड्याला काकूंसह आटपाडीला जावं लागलं. जाताना जिन्यात उभे राहून म्हणाले, "मंगळवारी येतोय. तवर हात लावू नका."

मी टेम्पो रविवारी बोलावला.

बायको म्हणाली, थांबा की दोन दिवस. मी म्हणालो, टेम्पोवाल्याला नंतर वेळ नाही. टेम्पोवाल्याला भरपूर वेळ होता. रविवारी सकाळी टँक रिकामा केला, मासे झाकणाच्या बादलीत घेतले आणि आणलेली करवत पहिल्या पायाला लावली. मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. करवतीचे दात बोथट झाले. तळहाताला फोड आले, फुटले. मी आडवा पडून, उकिडवा बसून, पाय लावून कापत होतो. एकही सांधा सुटला नाही. लाकडाचे तुकडे झाले, पण जिथे काकांनी जीभ बसवली होती तिथे ती तशीच बसलेली होती. शेवटी मी भुसा झाडला, फरशी पुसली आणि तुकडे टेम्पोत टाकले. साताऱ्यात आमच्या इमारतीच्या वॉचमनला दिले. ते त्याच्या पाण्याच्या बंबात जळाले.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला.

"औंधकर, पोचलासा न्हवं? स्टँड कसा काढला?"

मी खरं सांगू शकलो असतो. तोंड उघडलं तेव्हा सांगणारही होतो.

"काका, सरकवताना मोडला."

"मोडला?"

"एक सांधा बहुतेक आधीच ढिला झाला होता."

मग अगदी हळू, "कुठल्या पायाचा?"

"भिंतीकडचा."

"डावा का उजवा?"

"डावा," मी म्हणालो.

"काच फुटली न्हाई न्हवं? कुणाला लागलं न्हाई?"

"नाही काका."

"मग झालं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. साताऱ्यात लोखंडी स्टँड आणला, मासे नव्या घरात रुळले. बायको अधूनमधून म्हणायची, "तुमच्या तोंडाने सांगून टाका त्यांना." मी म्हणायचो, बघू. माणूस स्वतःला फार सवलत देतो. मी मनाशी म्हणत होतो, एका स्टँडचं ते काय एवढं, काका विसरूनही गेले असतील.

खंडेनवमीच्या संध्याकाळी काकूंचा बायकोला फोन आला. सणाचं बोलणं झालं आणि मग काकू म्हणाल्या, "ह्यांनी ह्या वर्षी हत्यारं पुजली न्हाईत. पेटी उघडलीच न्हाई. म्हनत्यात, माज्या हाताचा भरवसा न्हाई, हत्यारं पुजून काय करू." जूनपासून ते गल्लीतल्या घरांत जाऊन सगळे स्टँड तपासत होते. भिंतीकडचा डावा सांधा. बॅटरी लावून बघायचे, काही सापडायचं नाही, तरी सामान खाली उतरवायला लावायचे. चक्कीची मोटार त्यांनी उतरवली. शिंप्याचं मशीन उतरवलं. स्वतःचा फ्रिज जमिनीवर आणला. "आता दूध काढाया चढावं लागत न्हाई," काकू म्हणाल्या, "पर घर दुसऱ्याचं वाटाया लागलंय."

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी सकाळची एसटी धरली.

काका खुर्चीत बसले होते. मला बघून उठले, खालीवर बघितलं, पण वजन सांगितलं नाही. मी पाया पडलो आणि वाकलेलाच असताना बोलून टाकलं. उभा राहिलो असतो तर धीर झाला नसता.

"काका, सांधा ढिला नव्हता. स्टँड मोडला नाही. मी कापला. करवतीने. फोनवर खोटं बोललो. मला माफ करा."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"चारी पाय?" काकांनी विचारलं.

"चारी."

"किती येळ लागला?"

"सकाळी चहा घेऊन बसलो. दुपारी जेवणाला उठलो."

"सांधा सुटला एकतरी?"

"एकही नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि लगेच ते चिडले. "मी पाच म्हैनं लोकांच्या घरात पालथा पडून बघतोय. गुरुजींची पुस्तकं मी खाली काढायला लावली. म्हातारा माणूस, वाकून वाकून वाचतोय. आनि तुमी तिकडं बसून मासं बघताय?"

मी मान खाली घातली.

ते आत गेले. लोखंडी पेटीचा आवाज झाला. मी डोकावलो तर त्यांनी करवत, रंधा, पटाश्या, गुण्या, सगळं पाटावर मांडलं होतं आणि कुंकवाची कोयरी मागत होते.

"खंडेनवमी काल झाली," काकू म्हणाल्या.

"काल मला म्हाईत नव्हतं," काका म्हणाले.

संध्याकाळी सोनं वाटायला ते निघाले तेव्हा आपट्याची पानं त्यांनी माझ्या हातात दिली. "तुमी चला. सांगा लोकास्नी." तेवढीच शिक्षा. शिंप्याच्या घरी मी पान दिलं, त्याच्या आईच्या पाया पडलो आणि सांगितलं, काकांचा स्टँड मोडला नव्हता, मी कापला. शिंपी म्हणाला, "मग मी पाच महिने जमिनीवर मशीन ठेवून कंबर मोडून घेतली ती कुणाच्या नावावर?" मी म्हणालो, माझ्या. वहिनी नुसतं काकांना म्हणाल्या, "उद्या मोटार वर घेऊ या, काका." गुरुजींनी मला बसवून चहा दिला, ते सगळ्यात जड गेलं. तिन्ही घरी काका माझ्या मागे उभे होते, आणि प्रत्येक वेळी मी "कापला" म्हणालो की घसा खाकरत होते.

परतताना ते जरा पुढे चालत होते. घराच्या अलीकडे थांबले.

"एक सांगा, औंधकर. मंगळवारी मी येणारच हुतो. दोर आणला हुता, माणसं सांगितली हुती. मग का कापला?"

टेम्पोचं कारण माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं.

"काका, रविवारी मी कापला, कारण निघायच्या दिवशी ऑफिसातली माणसं मला निरोप द्यायला येणार होती. तुम्ही खिडकीतून दोर सोडताय, गल्लीभर ओरडताय, आणि मी तुमच्या शेजारी उभा आहे, हे त्यांनी बघू नये असं मला वाटलं. मला तुमची लाज वाटली. तीन वर्षं तुमच्या घरात राहिलो, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, आणि मला तुमची लाज वाटली. सकाळी मी स्टँडची माफी मागितली. ती अर्धीच होती. ह्याची मागायची राहिली होती, काका. मला माफ करा."